फ्यूज बॅटरीपाशीच : थार जीपमधल्या कॉम्प्रेसरची वायरिंग

"दादा, काहीतरी जयेल वास यी राहिना," आतेभाऊ म्हणाला, तेव्हा आम्ही चोपड्याहून वैजापूरकडे जाणाऱ्या जंगलाच्या रस्त्याला नुकतेच लागलो होतो. फेब्रुवारी महिना. मला वाटलं कुणीतरी शेतात कपाशीच्या काड्या पेटवल्या असतील. पण दोन वळणं गेल्यावर वास वाढला आणि माझ्या पोटात गोळा आला. तो पीव्हीसीचा वास होता. एकवीस वर्षं मोटार रिवायंडिंगचं दुकान चालवतोय, जळक्या पीव्हीसीचा वास मी झोपेतही ओळखेन.

गाडी बाजूला घेतली, चावी बंद केली. धूर थांबेना. बॉनेट उघडलं तर बॅटरीपासून फायरवॉलपर्यंत, म्हणजे इंजिन आणि केबिनच्या मधल्या पत्र्यापर्यंत, गेलेली लाल वायर अख्खी तापून मऊ झाली होती आणि तिच्यावरचं कव्हर ओघळून थेंब थेंब खाली पडत होतं. आत तांबं उघडं, लालसर. शेजारच्या मूळ वायरिंगच्या जुडग्यावरची टेप काळी पडायला लागली होती. सीटखालून १० नंबरचा पाना काढला आणि आधी बॅटरीची निगेटिव्ह तार सोडवली. आधी निगेटिव्हच, कारण घाईत पाना बॉडीला लागला तरी ठिणगी पडत नाही; पॉझिटिव्ह सोडवताना पाना बॉडीला लागला तर आणखी एक शॉर्ट. आतेभावाने ओंजळीने माती टाकून फायरवॉलजवळचं धुमसणं विझवलं. सगळा प्रकार मिनिटभराचा असेल. पण त्या मिनिटात गाडीत मागे ठेवलेला डिझेलचा कॅन मला सतत दिसत होता.

मग फ्यूज काढून बघितला. शाबूत. काचेसारखा स्वच्छ.

ही वायर मीच ओढली होती, मागे बसवलेल्या हवेच्या कॉम्प्रेसरसाठी. ३० अँपिअर घेणारं यंत्र, म्हणून ४० अँपिअरचा फ्यूज लावला होता. पण लावला होता कॉम्प्रेसरपाशी, मागच्या बाजूला, कारण तिथे हात सहज पोचतो. वायर फायरवॉलमधून आत घेताना पत्र्याला भोक पाडलं आणि त्यात रबराचं ग्रोमेट (भोकाच्या धारेवर बसणारी कडी) न घालता नुसती टेप गुंडाळली. आठ महिने ती वायर पत्र्याच्या धारेवर घासत राहिली. वैजापूरच्या रस्त्यावर हादऱ्यांनी शेवटचा पापुद्रा गेला आणि पॉझिटिव्ह सरळ बॉडीला टेकली. करंट बॅटरीतून निघाला, साठ सेंटिमीटरवर बॉडीत शिरला आणि परत बॅटरीत गेला. फ्यूज त्याच्या वाटेत आलाच नाही. गाडीची बॅटरी अशा वेळी शेकडो अँपिअर सहज ओतते.

फ्यूज वायरला वाचवण्यासाठी असतो. कॉम्प्रेसर जळला तर पैसे जातात, वायर जळली तर गाडी जाते. म्हणून फ्यूजची जागा करंट जिथून निघतो तिथे, बॅटरीच्या टर्मिनलपासून वीतभर अंतरात. त्यापुढची सगळी वायर मग त्याच्या राखणीत येते. आपल्या शेतावरही तेच असतं. किटकॅट फ्यूज डीपीवर असतो, विहिरीपाशी नव्हे. मधली केबल बैलाच्या पायाखाली आली, उंदराने कुरतडली, तरी डीपीवरचा फ्यूज उडतो. हे मी गिऱ्हाइकांना रोज सांगतो, आणि स्वतःच्या गाडीत मात्र सोयीची जागा बघितली. त्या दिवशीचं वाईट वाटणं अजून गेलेलं नाही.

गाडीत कॉम्प्रेसर हवा कशाला, असं दुकानात येणारे विचारतात. माझं काम निम्मं दुकानात आणि निम्मं शेतावर. पाणबुडी मोटार बाहेर काढायची तर बोअरपर्यंत जावं लागतं, आणि केळीच्या बागांमधले गाडरस्ते पावसाळ्यात कसे होतात ते चोपडा-यावल-रावेरकडच्या माणसाला सांगायला नको. त्यात मला सातपुड्याची ओढ. दगडाळ वाटेवर, किंवा अनेरच्या, तापीच्या वाळूत उतरायचं असेल तर टायरमधली हवा ३२ पौंडावरून १८ वर आणली की टायर पसरतो, पकड येते, आणि दगडावरचा दणका पाठीत कमी बसतो. (ओल्या काळ्या मातीत याचा फारसा उपयोग नाही. ती माती टायरच्या खाचांत अशी बसते की टायर गुळगुळीत होऊन जातो. तिथे हवा कमी करण्यापेक्षा दोन तास ऊन पडायची वाट बघावी.) हवा सोडणं सोपं असतं. पण परत डांबरी रस्त्याला लागल्यावर १८ पौंडावर गाडी पळवली तर टायरच्या भिंती दर फेऱ्याला दुमडतात, तापतात. आपल्याकडच्या मे महिन्यात, रस्ता स्वतःच भाजत असताना, टायर फुटायला वेळ लागत नाही. आणि जंगलातून बाहेर पडल्यावर पहिलं पंक्चरचं दुकान वीस-पंचवीस किलोमीटरवर.

दुसरा उपयोग धंद्याचा. शेतावरच्या स्टार्टरमध्ये मुंग्या घर करतात. काँटॅक्टरच्या पट्ट्यांमध्ये चिरडल्या जातात, काँटॅक्ट नीट बसत नाही, एक फेज जाते आणि मोटार जळते. पाली, गांधीलमाशीची मातीची घरं, कपाशीच्या शेतातला तंतू, सगळं त्या डब्यात. लाइन बंद करून हवेचा एक झोत मारला की डबा लख्ख होतो. ब्रशने ते होत नाही.

पूर्वी लायटरच्या सॉकेटवर चालणारा छोटा पंप होता. एका टायरला सहा-सात मिनिटं घ्यायचा आणि तिसऱ्या टायरला हात लावू देत नसे, इतका तापायचा. तो सॉकेट बहुतेक गाड्यांत १५-२० अँपिअरच्या फ्यूजवर असतो, त्यामुळे मोठं यंत्र त्यावर चालणारच नाही. मोठ्या कॉम्प्रेसरला स्वतःची वायर लागते.

आता त्या जळलेल्या वायरिंगमध्ये आणखी काय चुकलं होतं ते सांगतो, कारण दुसरा दोष कदाचित मला कधी कळलाच नसता.

घरी आल्यावर पुढचा जळका तुकडा कापून नवा जोडला, फ्यूज या वेळी बॅटरीपाशी लावला आणि जुनीच वायरिंग तात्पुरती चालवून मोजली. दुकानातला टाँग टेस्टर (वायरीभोवती चिमट्यासारखा अडकवून करंट मोजायचा मीटर) फक्त एसी मोजतो, म्हणून डीसी मोजणारा मागवला. इंजिन चालू, कॉम्प्रेसरच्या हवेच्या टाकीत दाब चढलेला, करंट ३० अँपिअर. बॅटरीवर १३.६ व्होल्ट. कॉम्प्रेसरच्या दोन तारांवर ११.७. जवळजवळ दोन व्होल्ट वाटेत गायब.

ते कुठे गेले हे शोधायची पद्धत साधी आहे, पण लोक ती करत नाहीत. लोक कंटिन्युइटी, म्हणजे वायर कुठे तुटलेली नाही ना एवढंच, बघतात; बीप वाजला की खूश. बीपमधून हे कळत नाही; यंत्र चालू ठेवून, पूर्ण करंट वाहत असतानाच मोजावं लागतं. मल्टिमीटर व्होल्टवर ठेवला, एक टोक बॅटरीच्या पॉझिटिव्हला, लांब तार जोडून दुसरं टोक कॉम्प्रेसरच्या लाल तारेला : ०.८ व्होल्ट. मग एक टोक बॅटरीच्या निगेटिव्हला, दुसरं कॉम्प्रेसरच्या काळ्या तारेला : १.१ व्होल्ट.

पहिला आकडा हिशेबात बसत होता. मी २.५ चौरस मिलिमीटरची घरगुती वायर वापरली होती. तांब्याच्या तसल्या वायरीचा रोध मीटरला साधारण ७ मिलिओहम. बॅटरीपासून मागे पोचायला ४ मीटर, म्हणजे २८ मिलिओहम, गुणिले ३०. आठ दशांश व्होल्ट आलेच पाहिजेत. पण दुसऱ्या बाजूला तर वायर वीतभरच होती! काळी तार मी जवळच्या बॉडीच्या एका बोल्टला कसली होती. तो बोल्ट उघडला. थिंबलखाली (वायरीच्या टोकाला बसवलेल्या धातूच्या कडीखाली) मूळ रंग तसाच, त्याच्या कडेने तांबूस गंज, आणि थिंबलवर एका बाजूला निळसर जळका डाग. करंट त्या रंगाच्या एखाद्या खरवडीतून आणि बोल्टच्या आट्यांतून जात होता. १.१ व्होल्ट गुणिले ३० अँपिअर, ३३ वॅट. माझ्या टेबलावरचं सोल्डरिंग आयर्न २५ वॅटचं आहे. त्याच्याहून जास्त उष्णता त्या एका बोल्टवर, आणि त्याच्यापासून चार बोटांवर सीटचं रेक्झिन.

इथे एक फरक लक्षात ठेवण्यासारखा आहे. विहिरीवरच्या तीन फेज मोटारीला व्होल्टेज कमी मिळालं की ती करंट जास्त ओढते आणि तापते. ते आपल्या ओळखीचं दुखणं. कॉम्प्रेसरची डीसी मोटार मात्र व्होल्टेज कमी झालं की हळू फिरते, करंट दाबाप्रमाणे जवळपास तेवढाच राहतो. म्हणून चालू असताना काही बिघडलंय असं वाटत नाही, हवा फक्त सावकाश भरते. अडचण येते सुरू होताना. टाकीत आधीच दाब असेल आणि व्होल्टेज अशक्त, तर मोटार जागेवर अडते. अडलेली मोटार म्हणजे नुसती तारेची वेटोळी, करंट कितीतरी पटीने वाढतो.

नवी वायरिंग एका रविवारी दुकान बंद ठेवून केली.

वायर १० चौरस मिलिमीटर, बारीक धाग्यांची, मऊ. पॉझिटिव्हही आणि निगेटिव्हही. बॉडीवर भरवसा ठेवायचा नाही असं ठरवलं, कारण थारची बॉडी चॅसीवर रबराच्या गुटक्यांवर बसलेली असते आणि मधली अर्थची पट्टी किती वर्षांची, किती गंजलेली, कुणाला ठाऊक. जाऊन-येऊन ८ मीटर, मीटरला १.७ मिलिओहम, ३० अँपिअरला ०.४ व्होल्टची घट. ६ चौरस मिलिमीटर वापरली असती तर ०.७. तीही चालली असती, पण वायर एकदाच ओढायची असते.

टोकांना थिंबल क्रिम्प केले, म्हणजे दाबून घट्ट बसवले, दुकानातल्या हायड्रॉलिक प्रेसने. सोल्डर मुद्दाम टाळला. सोल्डर तारेच्या धाग्यांत वर चढतो, तेवढा भाग काडीसारखा ताठ होतो आणि गाडीच्या हादऱ्याने नेमका तो ताठ भाग संपतो तिथे वायर तुटते. क्रिम्पवर हीटवाली स्लीव्ह, त्यावर फ्लेक्सिबल पाइप, आणि फायरवॉलच्या भोकात रबराचं ग्रोमेट. ते ग्रोमेट चार-पाच रुपयांना मिळतं. बसवल्यावर वायर हाताने मागेपुढे ओढून पाहिली, कुठे पत्रा लागतो का म्हणून.

बॅटरीच्या पॉझिटिव्हपासून वीतभरावर ४० अँपिअरचा मोठ्या पात्याचा फ्यूज, त्याच्यापुढे रिले. गाडीचा रिले म्हणजे आपल्या स्टार्टरचा धाकटा भाऊ. स्टार्टरमध्ये लाइन गेली की मोटार सोडणारी नो-व्होल्ट कॉइल असते ना, तशी याच्या ८५ आणि ८६ नंबरच्या पिनांवर कॉइल. तिला दीडशे मिलिअँपिअरसुद्धा लागत नाही. तिच्यात करंट गेला की ३० नंबरची पिन ८७ ला मिळते आणि मोठा करंट सुरू होतो. ३० नंबरला बॅटरीकडची वायर, ८७ ला कॉम्प्रेसरची. डॅशबोर्डवरचं बटण फक्त कॉइल चालवतं, म्हणून ते बटण आणि त्याची वायर बारीक असली तरी चालते.

रिले घेताना मात्र सांभाळा. ४० अँपिअर छापलेला एक स्वस्तातला मी फोडून बघितला. आतला काँटॅक्ट तुरीच्या अर्ध्या डाळीपेक्षा लहान. मोटार सुरू होताना क्षणभर करंट दुपटी-तिपटीने उसळतो, तेव्हा असा काँटॅक्ट चिकटतो, आणि चिकटला की बटण बंद करूनही कॉम्प्रेसर थांबत नाही. मी ७० अँपिअरचा घेतला. बसवताना त्याच्या पिना खालच्या बाजूला ठेवल्या, म्हणजे बॉनेट धुताना पाणी आत उतरणार नाही. कॉइलवर एक ४००७ नंबरचा डायोड उलटा टाकला, पट्टीची बाजू पॉझिटिव्हकडे. कॉइल सुटताना जो झटका देते त्याने बटणाचे आणि प्रेशर स्विचचे काँटॅक्ट हळूहळू जळतात; डायोड तो झटका गिळतो.

प्रेशर स्विच कॉइलच्या वाटेतच. पाण्याच्या टाकीवरच्या फ्लोट स्विचसारखं त्याचं काम. दाब ९० पौंडाच्या खाली गेला की जोडतो, १२० ला तोडतो. त्याच्याशिवाय १५० पौंडाचा सेफ्टी व्हॉल्व्ह हवेच्या टाकीवर वेगळा. स्विच कधीतरी चिकटेल, तेव्हा हा व्हॉल्व्हच उरतो. तो अजिबात वगळू नका.

आणि कॉइलचा पॉझिटिव्ह बॅटरीवरून थेट न घेता चावीच्या लाइनवरून घेतला, छोटा फ्यूज टाकून. यालाही कारण घडलेलं आहे. जुन्या जोडणीत बटण चालू राहिलं होतं आणि टाकीच्या एका जोडाला बारीक गळती होती. रात्रभर दाब उतरायचा, कॉम्प्रेसर आपोआप सुरू व्हायचा, परत उतरायचा. सकाळी गाडीने किल्लीला टिकटिकसुद्धा दिली नाही. आता प्रत्येक जोडावर टेफलॉन टेप आहे आणि दोन महिन्यांनी भांड्याच्या साबणाचा फेस लावून बघतो. बुडबुडा फुगला की जोड उघडायचा.

जागेबद्दल बराच विचार केला. बॉनेटखाली बसवला असता तर वायर मीटरभरात संपली असती. पण कॉम्प्रेसरसोबतच्या पुस्तिकेत त्याची चालण्याची वेळ २२ अंश तापमानाला दिलेली आहे. आमच्याकडे २२ अंश थंडीतल्या सकाळी असतात. मे महिन्यात बाहेर ४४-४५, बॉनेटखाली इंजिनाची धग वेगळी. म्हणून मागचं डावीकडचं बाक काढून तिथे बसवला, हवा खेळती ठेवली, आणि त्याची हवा ओढायची नळी वर छतापर्यंत नेऊन फिल्टर तिथे लावला. कच्च्या रस्त्याची धूळ खालच्या हातभर उंचीत सगळ्यात दाट असते. उन्हाळ्यात दोन टायर भरले की पाच मिनिटं बंद ठेवतो.

सगळं जोडून पुन्हा मोजलं. बॅटरीवर १३.९, कॉम्प्रेसरवर १३.४. हिशेबाने ०.४ यायला हवे होते, ०.५ आले, उरलेला फ्यूज, रिले आणि जोडांचा. एकेका जोडावर हात ठेवून बघितला, कोमटसुद्धा नाही. फार बरं वाटलं.

ऑगस्टमध्ये तोरणमाळला गेलो, शिरपूर-शहादामार्गे. यशवंत तलावाच्या पुढे एका दगडाळ वाटेवर हवा १८ वर आणली, दिवसभर फिरलो, संध्याकाळी परत डांबरावर येऊन भरायला घेतली. इंजिन चालू ठेवूनच भरायची. २३५ चा टायर १८ वरून ३२ वर न्यायला बाहेरची पंचावन्न-साठ लिटर हवा आत ढकलावी लागते. आमचं यंत्र मिनिटाला ७२ लिटरचं, दाबाविरुद्ध त्याहून कमी, त्यामुळे एका टायरला दीड मिनिटाच्या आतबाहेर. चौथा टायर चालू असताना एक मोटारसायकलवाला मागची ट्यूब बसलेली गाडी ढकलत आला. त्याच्या टायरलाही भरली. मग आणखी एक पिकअप थांबली, तिच्या मागच्या टायरांत वीसच पौंड होते आणि खाली सात पायऱ्यांचा घाट उतरायचा होता. तिचे दोन्ही टायर भरून दिले. ड्रायव्हर पैसे काढत होता, मी त्याला खाली जाऊन पंक्चर नीट काढून घे एवढंच सांगितलं.

निघण्याआधी टाकीच्या तळाचा छोटा नळ उघडला. सूंऽऽ करून हवा आली आणि तिच्यामागून पाणी, थोडंसं, जरा तांबूस. तोरणमाळच्या धुक्यातली हवा दाबली की तिच्यातलं पाणी टाकीत उतरणारच. मेमध्ये चोपड्यात हाच नळ उघडला होता तेव्हा नुसती कोरडी हवा आली होती. पाण्याचा रंग बघून टाकी आतून गंजायला लागली असावी असं वाटतंय. दसऱ्याच्या आधी उघडून बघणार आहे.